गाडी घरची, भार टायरवर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा डनलॉपचा हवेचा टायर जन्माला यायला अजून तेरा वर्षं होती. त्यामुळे घरच्या गाडीचा टायर कसा निवडावा, या आजच्या विषयाला व्याख्यानमालेतल्या थोरामोठ्यांची परंपरा नाही, हे आधीच मान्य करतो. पण आपल्या कडा गावातल्या दारापुढच्या गाडीला काय काय करावं लागतं ते बघा. २०२२ च्या सप्टेंबरात नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली, २०२५ च्या सप्टेंबरात ती बीडला पोचली. तरी रात्री-अपरात्री पेशंट नगरला हलवायचा तर गाडीच काढावी लागते. पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात, डिकीत ज्वारीचं पोतं असतं, वर लग्नाचा आहेर. हा सगळा भार चार तळहातांएवढ्या रबरावर असतो. टायरचा तेवढाच भाग एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो.

आणि आपण टायर घेताना काय विचारतो? “जोडी कितीला बसंल?”

यामागे जुनी सवय आहे. आपला तालुका ऊसतोडीचा. दसरा झाला की कोयते बाहेर पडतात, टायरगाड्या कारखान्याच्या वाटेला लागतात. त्या गाडीला जुना, झिजलेला टायर चालून जातो, कारण बैल ताशी तीन-चार किलोमीटरने चालतात. तिथली “ओढतोय तोवर ओढू द्या” ही रीत आपण नकळत मोटारीला लावली. मोटार शंभराने पळते. वेग वाढला की टायर तापतो, आणि हवा कमी असेल तर जास्त तापतो, कारण त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सरळ होते. त्यात बीड जिल्ह्याचा एप्रिल-मे. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. नुसता सिमेंटचा रस्ता टायर फोडत नाही. कमी हवा, जास्त माणसं आणि म्हातारं रबर एकत्र आलं की तो फुटतो.

आता टायरच्या अंगावर लिहिलेलं वाचू. १६५/८० आर १४, पुढे ८५ टी. आपल्याकडच्या कितीतरी स्विफ्ट-डिझायरना हाच साइज असतो. १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, १४ इंचांची रिम. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे: एका टायरने जास्तीत जास्त ५१५ किलो पेलायचं. टी म्हणजे वेगाची मर्यादा ताशी १९०. तेवढ्याने कड्यातलं कोणी जात नाही, निदान जाऊ नये. म्हणून अक्षर कंपनीने दिलंय त्यापेक्षा खालचं नसलं की पुरे. लक्ष द्या वजनाच्या आकड्याकडे.

दुकानात तुम्हाला हमखास सांगतील, “दादा, जरा रुंद टाका, गाडी रुबाबदार दिसंल.” आणि १७५/६५ आर १४, ८२ पुढे करतील. रिम तीच, बसतोही नीट. पण ८२ म्हणजे ४७५ किलो. प्रत्येक चाकामागे ४० किलोची ताकद गेली. आधीच सात माणसं बसवणाऱ्या घराने हा सौदा करायचा का? शिवाय चाकाची एकूण उंची साडेतीन सेंटिमीटरने कमी होते, म्हणजे गाडीचं पोट जमिनीकडे पावणेदोन-दोन सेंटिमीटर सरकतं. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात ते देवालाच ठाऊक; तिथे तेवढाच फरक खालून आवाज काढतो. वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट तारखेची. बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. कित्येकदा हा आकडा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू आत गेली की गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाही. म्हणून रिमवर चढवण्याआधी वाचा. पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं. साधारण पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांनंतर काढावाच. स्टेपनीलाही हेच लागू. आपली स्टेपनी बहुधा गाडीच्याच वयाची असते!

नक्षीची कायद्यातली किमान खोली मोटारीला १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात मात्र तिथवर थांबू नका. पाणी खाचांतून बाहेर पडलं नाही तर चाक रस्त्याला न टेकता पाण्यावर तरंगतं.

पैसे दोनच टायरचे असतील तर नवे कुठे बसवायचे? सगळे सांगतात पुढे. माझं मत ठाम आहे: मागे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडून ती सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.

कंपनीवर मी फार बोलणार नाही. गुडइयर आपल्याच मराठवाड्यात वाळूजला टायर बनवते, ब्रिजस्टोन चाकणला, सिएट नाशिकला. आयएसआय खूण असलेला चांगला टायर मिळणं आता अवघड नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. रिसोल केलेला टायर घरच्या गाडीला नको. हवेऐवजी नायट्रोजन भरायचा आग्रह कोणी धरला तर धरू द्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, बहुतेक वेळा भरलेल्या गाडीसाठी वेगळं. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. आणि हवा चाक थंड असताना, सकाळी तपासायची.

बाहेर तुमच्या गाड्या उभ्या आहेत. घरी जाण्याआधी मोबाइलच्या उजेडात ते चार आकडे वाचा, स्टेपनीचेही. शंका असेल त्यांनी विचारायला यावं, मी थांबलो आहे.