छोटी वृत्तपत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

(मंडळाच्या पुणे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आज मला दिलेला विषय माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराने हाती घ्यावा, हे काहींना धाडसाचे वाटेल. प्रश्न केवळ यंत्राचा असता, तर तो आपल्यातील तरुण इंजिनियरांवर सोपवून मी स्वस्थ बसलो असतो. परंतु हा प्रश्न छापील शब्दावरील विश्वासाचा आहे, आणि ज्याने आयुष्यभर मुलांचे लिखाण तपासले, त्याला त्याविषयी चार शब्द बोलावयास हरकत नसावी.

आपल्या मुखपत्राच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घ्यावे की न घ्यावे, याविषयी आपल्यात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, लिहिणारे मिळत नाहीत, तेव्हा सर्व अंकच यंत्राकडून लिहून घ्यावा. दुसरा म्हणतो, हे यंत्र उंबऱ्याच्या आत घेऊच नये. मला ही दोन्ही टोके मान्य नाहीत.

प्रथम दुसऱ्या पक्षाविषयी बोलतो. छोट्या पत्राचा संसार कसा चालतो, हे आपण जाणतोच. तालुक्याच्या साप्ताहिकाचा संपादकच बातमीदार असतो, तोच मुद्रिते तपासतो आणि तोच जाहिरातींची बिले वसूल करीत हिंडतो. तरीही गावची पाणीयोजना, शाळेची पडकी भिंत, ग्रामसभेतला ठराव ही त्याचीच वार्ता; मोठ्या दैनिकात तिला जागा नसते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली याच पुण्यात ‘दीनबंधु’ काढले, तेव्हा शेतकऱ्यांची व कष्टकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी असेच एक छोटे पत्र उभे राहिले होते. अशा माणसाच्या हातचे ओझे एखाद्या साधनाने हलके होत असेल, तर त्याला अडविण्याचा आपणांस काय अधिकार? शिवाय नव्या साधनाला भिण्याची पुण्याची परंपराही नाही. देवनागरीच्या छपाईला लागणाऱ्या शेकडो खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून स्वतः लोकमान्य टिळकांनी परिश्रम घेतले होते.

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. हे यंत्र लिहिते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याला प्रचंड मजकूर वाचावयास दिलेला असतो, आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्यावरून ते ठरविते. सत्य काय, हे त्याला ठाऊक नसते. काय शोभून दिसेल, एवढेच ठाऊक असते. वर्गात काही मुले अशी असतात की, त्यांचे अक्षर मोत्यासारखे, वाक्ये निर्दोष, आणि उत्तर मात्र साफ चुकीचे. घाईने तपासणारा परीक्षक अशा उत्तरपत्रिकेला हमखास फसतो. त्यातून इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर या यंत्राच्या वाचनात फारच थोडा आलेला असतो. त्यामुळे मध्येच हिंदी वळणाची वाक्ये येतात, आडनावे बदलतात, एका गावचा माणूस दुसऱ्याच गावी जाऊन बसतो.

याचा परिणाम काय होतो, ते मोठ्यांच्या अनुभवावरून पाहा. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ या पत्राच्या पुरवणीत उन्हाळी वाचनासाठी १५ पुस्तकांची यादी आली. त्यांपैकी १० पुस्तके जगात अस्तित्वातच नव्हती! लेखकांची नावे खरी, पुस्तके मात्र यंत्राने रचलेली. पुरवणी बाहेरून तयार होऊन आली होती, आणि छापण्यापूर्वी ती यादी कोणी ताडून पाहिली नाही.

खोटा कागद ही काही आजचीच आपत्ती नव्हे. टिळक आणि आगरकर हे न्यू इंग्लिश स्कूलचे तरुण शिक्षक. त्यांचे ‘केसरी’ व ‘मराठा’ १८८१ च्या जानेवारीत निघाले, तेव्हा तीही छोटीच पत्रे होती. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याचे ऐकून त्यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. तिला आधार म्हणून जी पत्रे त्यांच्या हाती आली, ती बनावट ठरली. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तथापि जुलै १८८२ मध्ये प्रत्येकी ४ महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू शुद्ध होता, कागद खोटा होता, आणि शिक्षा संपादकांनी भोगली.

त्या काळी बनावट पत्र तयार करावयास कसबी हात लागत असे. आज कोणाचेही पत्र, छायाचित्र, इतकेच काय, हुबेहूब आवाजदेखील काही क्षणांत तयार होतो. खोटे पारखण्याचे संपादकाचे काम शतपट कठीण झाले असताना, त्याने लिहिण्याचे कामही यंत्रावर सोपवावे काय? १८६७ च्या कायद्याने छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव कागदावर आलेच पाहिजे असे ठरविले. आता त्याच्या जागी नियतकालिकांसाठी २०२३ चा कायदा आला आहे. परंतु त्यामागील तत्त्व तेच राहिले: छापलेल्या शब्दाला जबाब देणारा एक माणूस हवा. यंत्राला तुरुंगात धाडता येत नाही, आणि त्याला लाजही वाटत नाही.

मग साहाय्य घ्यावे ते कोणते? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये अमेरिकेतील पाच स्थानिक वृत्तसंस्थांना असे साहाय्य करून दाखविले. एके ठिकाणी पोलिसांच्या नोंदींवरून बातमीचा कच्चा खर्डा तयार होई, पोर्तो रिकोत हवामानाच्या सूचनांचे स्पॅनिश भाषांतर होई, मिशिगनमध्ये नगरसभेच्या बैठकांचे भाषण लेखी उतरून निघे. या कामांत एक साम्य आहे. मूळ कागद वा मूळ ध्वनी संपादकाजवळ असतो, आणि यंत्राचे काम त्याच्याशी ताडून पाहता येते. यंत्राने हमाली करावी. साक्ष देऊ नये.

यास्तव आपल्या मुखपत्रासाठी मी पाच नियम सुचवितो. पहिला, सभेचे भाषण उतरून घेणे, शुद्धलेखन पाहणे, सरकारी इंग्रजी परिपत्रकाचा खर्डा मराठीत करणे, एवढ्यापुरतेच यंत्र वापरावे, आणि प्रत्येक नाव, तारीख व आकडा मुळाशी ताडावा. दुसरा, वधूवर-सूचीतील जन्मतारखा, पगार, पत्ते आणि छायाचित्रे कोणत्याही यंत्राच्या हवाली करू नयेत. ती आपल्याला विश्वासाने दिलेली ठेव आहे. तिसरा, मृत्युलेख यंत्राकडून लिहवून घेऊ नये. दिवंगताने न केलेली समाजसेवा त्याच्या नावावर चढली, तर ज्यांनी त्याला जवळून पाहिले ते मनात हसतील, आणि घरच्यांनी जपून ठेवलेले ते कात्रण नातवंडांना खोटेच सांगत राहील. चौथा, जेथे यंत्राचे साहाय्य घेतले तेथे तसे स्पष्ट छापावे, आणि चूक झाल्यास पुढच्याच अंकात, त्याच पानावर दुरुस्ती द्यावी. पाचवा, अंक छापावयास जाण्यापूर्वी शेवटचे मुद्रित एका नामधारी नव्हे, तर खऱ्या संपादकाने वाचून त्यावर सही करावी.

हे नियम पाळावयास माणसे लागतील. हिंजवडी-खराडीस नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी महिन्यातील एक रविवार द्यावा आणि हे साधन कसे चालते व कोठे चुकते, ते संपादकांना शिकवावे. आम्हां निवृत्त मंडळींजवळ वेळ आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाची सवय अजून गेलेली नाही. आम्ही मुद्रिते वाचू. ही व्यवस्था आपल्याकडे बसली, तर गावोगावच्या साप्ताहिकांनाही ती आपण देऊ शकू. आणि वर्गणीदारांनी वर्गणी वेळेवर भरावी, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण ताडून पाहणाऱ्या माणसालाही पोट आहे.

पुढील वर्षी शिष्यवृत्तीची यादी छापून येईल, तेव्हा कोपऱ्यातल्या खेड्यातील एखादी मुलगी त्यात आपले नाव व गुण शोधील. ते नाव बरोबर असावे, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे. कार्यकारी मंडळाने या सूचनांचा विचार करावा, अशी विनंती आहे.