मोकाट नव्हे, बंदिस्त वराहपालन
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली. त्याच मिळकतीवर लेकरे शिकली, लग्ने झाली. तरी धंद्याचे नाव निघताच आपली मान खाली जाते. आम्हांस वाटते, लाज धंद्याची नसावी. जनावर गावभर मोकाट सोडण्याची असावी.

मोकाट डुक्कर उघड्यावरील विष्ठा खाते. तीतून पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन त्याच्या मांसात गाठी धरतात. ते मांस नीट न शिजल्यास खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. पुढे त्या कृमीची अंडी अस्वच्छ हातांवाटे कोणाच्याही पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन अपस्मार जडू शकतो. म्हणून गोठ्याची भिंत ही आपल्या मुलांच्या आरोग्याचीही भिंत होय.

आरंभ दोन माद्यांपासून करावा. मादी सुमारे ११४ दिवसांनी विते. एका वेतात बहुधा ८ ते १० पिल्ले होतात. आईच्या दुधात लोह अपुरे असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच पिल्लांस लोहाचे इंजेक्शन द्यावे. खानावळीतील उष्टे चांगले उकळूनच घालावे. कारण २०२० साली आसामात आढळलेल्या आफ्रिकी वराहज्वराचा विषाणू मांसाच्या तुकड्यांतूनही पसरतो. हा ज्वर माणसास होत नाही. परंतु डुकरांस त्यावर औषध नाही. नवे जनावर काही आठवडे वेगळे ठेवावे आणि मेलेले ओढ्यात न टाकता खोल पुरावे.

जागा थोडी असो, कुंपण पक्के असो. मग मान आपोआप ताठ होईल.