बाळंतिणीचं रक्त आणि ‘सी’ कावीळ

(मालवण येथे महिलांच्या आरोग्य मेळाव्यात केलेलं भाषण)



काविळीचं नाव काढलं की आपल्याकडे गळ्यातली माळ आठवते, नाहीतर चुन्याच्या पाण्यात हात धुणं. त्यावर आज मी वाद घालत नाही. मला सांगायचंय ते असं की कावीळ हे आजाराचं नाव नाही, ती एक खूण आहे. यकृत बिघडलं की डोळे पिवळे होतात. ते कशानं बिघडलं हे शोधावं लागतं. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून ‘ई’ कावीळ पसरली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती बाईच्या जिवावर बेतू शकते. ‘सी’चं तसं नाही. हेपॅटायटिस सी पाण्यातून किंवा जेवणातून येत नाही, तो रक्तातून रक्तात जातो. आणि बहुतेकींचे डोळे पिवळे होतच नाहीत. वीस-वीस वर्षं बाई रांधते, वाढते, मासळीची पाटी उचलते आणि आत यकृत कठीण होत जातं.

बाईच्या रक्तात तो येतो कुठून? हा विषाणू ओळखला गेला 1989 साली. आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची त्यासाठी सक्तीनं तपासणी व्हायला 2001-02 साल उजाडलं. त्याआधी पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा धंदाही जोरात होता. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालानंतर 1998 पासून त्यावर बंदी आली. म्हणजे त्या काळात ज्या बाईला बाळंतपणात, सिझरच्या वेळी किंवा पिशवी काढताना रक्त चढवलं, तिनं एकदा तपासून घ्यावं. मुळात रक्त चढवायची पाळी का येते, हेही विचारा. बाजारात बांगडा विकून आलेल्या बाईच्या ताटात शेवटी काय उरतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी वाट सुईची. ‘डॉक्टरान सुई मारल्यानच नाय, मगे बरा कसा वाटतला?’ हे मी अनेकींच्या तोंडून ऐकलंय. गोळीनं भागत असेल तर सुई मागू नका. घेतलीच, तर नवी, डोळ्यांदेखत फोडलेली. जत्रेत गोंदवून घेताना आणि नवऱ्यानं सलूनमध्ये दाढी करून घेतानाही हेच.

आता खरी गोष्ट. बऱ्याच दवाखान्यांत बाळंतपणाच्या किंवा ऑपरेशनच्या आधी एचआयव्ही, ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी होते. पण कशाची, हे बाईला कुणी सांगत नाही. रिपोर्ट जातो नवऱ्याच्या हातात, तिथून सासूच्या कानात. मग तिची ताटवाटी वेगळी, तिच्या चारित्र्याची चर्चा, आणि ‘बाळंतपण माहेरीच कर’. बायांनो, ताटवाटीतून हा आजार पसरत नाही. नवरा-बायकोच्या संबंधांतून पसरण्याची शक्यताही फार थोडी. चारित्र्याचा इथे काय संबंध? तपासणी कशाची ते आधी विचारा, निकाल तुमच्या हातात मागा. आणि पहिली चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे विषाणू आज रक्तात आहेच असं नाही. काहींच्या शरीरातून तो आपोआप गेलेला असतो. विषाणू खरंच आहे का, हे सांगणारी दुसरी चाचणी असते. ती झाल्याशिवाय घरात रडारड नको.

आहे असं निघालं तरी गर्भ पाडायची गरज नाही. केवळ त्यासाठी सिझरही करावं लागत नाही. अशा शंभर आयांमागे साधारण पाच-सहा मुलांना लागण होते. आईला एचआयव्हीही असेल तर धोका वाढतो. अंगावर पाजायला हरकत नाही. फक्त बोंडं चिरून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत त्या बाजूचं दूध काढून टाकायचं. ‘सी’ला लस नाही. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत देतात ती लस ‘बी’ची, ती चुकवू नका.

आणि औषध आहे! 2013 साली अमेरिकेत यातली मुख्य गोळी आली तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. पुढे आपल्याकडच्या कंपन्या ती फार स्वस्तात बनवू लागल्या. पंजाब सरकारनं 2016 मध्ये फुकट उपचार सुरू केले, आणि 28 जुलै 2018 पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. बहुतेकींना बारा आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरातल्या पंचाण्णव बऱ्या होतात. गरोदरपणात ही औषधं सहसा देत नाहीत, बाळंतपण झाल्यावर देतात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. गोव्याला बांबोळीला जायची भाडी भरण्याआधी तिथे जा, आणि एकटीनं जाऊ नका, शेजारणीला घेऊन जा.

बाळाची तपासणी मात्र घाईनं करू नये. आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे त्याआधीची साधी चाचणी फसवते. दीड वर्ष झालं की न्यायचं. ती तारीख लसीच्या कार्डावर आजच लिहून ठेवा, कारण दीड वर्षानं घरात ती कुणालाच आठवत नाही.