जुन्या शहरातून टोरांटोत : राहणं, शिकणं आणि नोकरी

आजचा भाग अशा घरांसाठी आहे, जिथं सध्या एकच विषय चालू आहे : "पोराले कॅनडात पाठवाव का?" मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. टोरांटोत शिकले आणि आता तिथंच नोकरी करते. सुट्टीत घरी आले की शेजारचे काका-काकू हेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर बोलू.

आधी राहण्याचं. २०२१च्या जनगणनेनुसार टोरांटोतले साधारण ४७ टक्के लोक कॅनडाबाहेर जन्मून तिथं स्थायिक झालेले आहेत. मी राहायचे स्कारबरोत, एका घराच्या तळघरात. वर तमिळ घरमालक, सोबत एक फिलिपिनो आणि एक पंजाबी मुलगी. लोकांना वाटतं, एवढ्या वेगवेगळ्या लोकांत आपल्याला जमेल का? पण आपण मोर्णेकाठची माणसं. घरात वऱ्हाडी, बाजारात हिंदी-उर्दू, दुकानात मारवाडी, सिंधी. श्रावणात राजराजेश्वराची कावड, दुसऱ्या बाजूनं अजान. हे ऐकतच आपण मोठे झालो.

फरक एवढाच, की आपल्याकडे कोणती गल्ली कोणाची हे सगळ्यांना पाठ असतं. तिथं आपण कोण, हे रोज नव्यानं सांगावं लागतं. आणि ज्यांची ही मूळ जमीन, त्या आदिवासी समाजांचा उल्लेख कॉलेजच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच होतो. मला ते फार आवडलं.

एक धोका मात्र आहे. आपली माणसं सापडली की आपण त्यांच्यातच राहतो. मग दोन वर्षं टोरांटोत काढूनही इंग्रजी बोलायची भीती जात नाही. गणपतीला मराठी मंडळात जरूर जा, पण प्रोजेक्टचा गट निवडताना मुद्दाम अनोळखी लोकांत बसा.

शिक्षणात प्राध्यापकांना नावानं हाक मारतात; "सर, सर" करायची सवय सुटायला मला महिने लागले. ते ठरलेल्या वेळी भेटायला बसतात, तेव्हा जाऊन शंका विचारायची. न विचारणारा तिथं मागं पडतो. दुसऱ्याचं लिखाण उचलून स्वतःचं म्हणून दिलं तर कारवाई होते, हेही लक्षात ठेवा.

आता पैशाचं नीट ऐका. सप्टेंबर २०२५पासून एकट्या विद्यार्थ्याला, फी आणि प्रवास सोडून, वर्षाच्या खर्चाचे २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. ओंटारिओत किमान मजुरी तासाला १७.६० डॉलर. म्हणजे चार आठवड्यांचे, कपातीआधी, १,७०० डॉलरच्या आत. यात खोलीभाडं आणि किराणा कसाबसा निघेल. फी निघत नाही. "पोरगं तिकडे कमावून कर्ज फेडते" या भरवशावर वावर गहाण टाकू नका बाप्पा!

शिकून झाल्यावरचा वर्क परमिटही आता सगळ्यांना मिळत नाही. २०२४पासून नियम कडक झालेत. कॉलेज आणि अभ्यासक्रम दोन्ही पात्र लागतात. एजंटच्या शब्दावर जाऊ नका, कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

नोकरी शोधताना मला एका कंपनीत विचारलं, "कॅनडातला अनुभव आहे का?" नोकरीच मिळाली नाही तर अनुभव कुठून आणणार? जानेवारी २०२६पासून ओंटारिओत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जाहिरातीत ही अट घालता येत नाही. तरी मुलाखतीत त्याची सावली असतेच. मला उपयोग झाला तो अभ्यासक्रमातल्या को-ऑपचा, म्हणजे शिकता शिकता केलेल्या पगारी कामाचा. प्रवेश घेतानाच तो आहे का, हे विचारा.

डिसेंबरात पावणेपाचला अंधार पडतो, तेव्हा अकोल्याचा पंचेचाळीस डिग्रीचा मे महिनासुद्धा गोड वाटतो. त्या दिवसांत पोरांना फोनवर "नोकरी लागली का?" हे आधी विचारू नका. "जेवलीस का?" विचारा.

तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात बोलू.