कागद नाही तर बाजारही मोकळा नाही
(सोयगाव येथील वनहक्क मेळाव्यात केलेले भाषण)

 

मला आज विषय दिला आहे, सरकार आणि बाजार. लोकांच्या गरजा कुणी भागवायच्या? 1991 पासून एकच ऐकू येतं, सरकारनं हात काढून घ्यावा, बाजार सगळं बरोबर करतो. मी बारावी शिकलेली आहे. मोठी पुस्तकं वाचलेली नाहीत. आपल्या डोंगरात जे दिसतं तेवढं मांडते.

काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हरचा दोष नाही, त्याला डिझेल परवडलं पाहिजे. पण दिवस भरलेली बाई एकटी उभी असली तर तिच्यासाठी जीप निघत नाही, नाहीतर सगळ्या सीटांचे पैसे द्या म्हणतात. एसटी पाच माणसं असली तरी सुटते. आता ती एसटी आपल्या वस्तीपर्यंत येत नाही, हेही खरं. पण एसटी आली नाही तर डेपोवर अर्ज देता येतो, मोर्चा नेता येतो. जीपवाल्यावर मोर्चा नेता येतो का? बाजार ज्याच्या खिशात पैसा त्याचं ऐकतो. सरकारला निदान जाब विचारता येतो.

म्हणून सरकार करतं ते सगळं चांगलंच, असंही समजू नका. कापसाचं बघा. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस फक्त सरकारनं घ्यायचा, व्यापाऱ्यानं नाही. हेतू चांगला होता, शेतकरी लुटला जाऊ नये. पण चुकारे थकले, ग्रेडवरून भांडणं झाली, बाहेर भाव जास्त असला की कापूस रातोरात राज्याबाहेर जायचा. 2002 च्या हंगामापासून व्यापाऱ्यांना खरेदी मोकळी झाली.

मोकळी झाली, पण कुणाला? हमीभावाच्या केंद्रावर गेलं की पहिला प्रश्न, सात-बारा कुठंय? पीकपेरा कुठंय? आपण बापजाद्यापासून जमीन कसतो, पण कागदावर ती वनखात्याची. शेतात कापूस उभा, कागदावर जंगल उभं! मग हमीभाव नाही, बँकेचं पीककर्ज नाही. राहिली खेडा खरेदी. मागच्या साली आमच्या घरचा कापूस असाच गेला. बियाणं-खताची उधारी त्याच व्यापाऱ्याची, भाव त्यानंच सांगितला, काट्यावर कटही त्यानंच धरली. ज्याला एकच गिऱ्हाईक आहे त्याला खुला बाजार काय कामाचा? सरकारनं कागद दिला नाही म्हणून बाजारानं नाडलं. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत.

ही दोरी सोडवायला 2006 चा वनहक्क कायदा आहे. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारी जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेरच्या काही गावांना पेसा लागू आहे, आपल्याला नाही. पण वनहक्क कायदा आपल्यालाही लागू आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला 4 हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, नवरा-बायको दोघांच्या नावावर. ती जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. काही पोरं म्हणतात, विकता येत नाही तर मालकी कसली? अरे बाबांनो, दुखण्या-खुपण्यात, लग्नकार्यात आधी जमीनच जाते. ती बाजारात जाऊ नये म्हणून ही अट आहे.

याच कायद्याचं कलम 3(2) वाचा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, विजेची लाईन, रस्ता, अशा 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. एका कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी, आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. मात्र ग्रामसभेची शिफारस लागते. "जंगलातून रस्ता होत नाही" असं कुणी सांगितलं तर हे कलम दाखवा.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव तुम्ही ऐकलं असेल. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले, आणि गावानं आपला बांबू आपण विकला. माल बाजारातच गेला, पण सौदा गावानं केला. कागद गावाकडं होता म्हणून.

तेव्हा कामाला लागा. वनहक्क समिती नुसती कागदावर असेल तर ग्रामसभा बोलवा, बायकांनीही बसा. दाव्याला दोन पुरावे लागतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही कायद्यानं पुरावा आहे. आजा-आजींनो, तुमचं बोलणं लिहून घेऊ द्या. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, आणि 60 दिवसांच्या आत अपील करा. तोंडी "नाही" ऐकून घरी येऊ नका.

सरकार हटवा, असं आपण म्हणत नाही. बाजार बंद करा, असंही म्हणत नाही. सरकारनं आपला हक्क लिहून द्यावा, आणि बाजारात आपल्याला मान वर करून उभं राहता यावं, एवढंच मागणं आहे.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!