नाव विसरले तरी ओळख उरते



वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एखाद्या आजी सकाळी जाग्या होतात आणि समोरच्या बाईंना विचारतात, "तू कोण गं?" त्या बाई दोन वर्षे रोज येत आहेत. आजींची वेणी घालतात, त्यांना भरवतात, औषधे देतात. तरीही प्रश्न रोज तोच. परंतु बाईंनी हात पुढे केला की आजी तो निःशंकपणे धरतात. तोच हात दुसऱ्या कोणी पुढे केला तर झिडकारतात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या घरांना हे दृश्य अपरिचित नाही. नाव आठवत नाही, नाते सांगता येत नाही, तरी विश्वास टिकून राहतो. हा विश्वास कसा निर्माण होतो आणि तो जपण्याची जबाबदारी कोणाची, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणीचा नेहमीचा विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या पेशींचा क्रमाक्रमाने ऱ्हास होतो आणि स्मरण, भाषा, दिशा, निर्णयशक्ती यांवरील ताबा सुटत जातो. १९०६ साली जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी वर्णिलेला विकार हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर पूर्णपणे बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. त्यामुळे रोजची काळजी हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. मुले परगावी, सुना-मुली नोकरीत, अशा कुटुंबांत ही काळजी ब्युरोमार्फत येणाऱ्या आणि घरोघरी 'मावशी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईंच्या हाती येते.

या मावशींचे काम वरवर पाहता साधे वाटते. प्रत्यक्षात त्यात फार समज लागते. स्नानाचेच उदाहरण घ्यावे. "चला, आंघोळ करा," असे म्हटले की आजी ठामपणे सांगतात, "माझी आंघोळ झाली." वाद घातला तर त्या संतापतात. अनुभवी मावशी वाद घालीत नाहीत. थोड्या वेळाने टॉवेल हातात देतात, कोमट पाणी आधी हातावर, मग पायांवर घालतात, अंगावर चादर ठेवून लज्जारक्षण करतात आणि एका वेळी एकच गोष्ट सांगतात.

सायंकाळ अधिक कठीण असते. दिवस कलू लागला की अशा अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. "मला घरी जायचंय, आई वाट पाहत असेल," असा धोशा सुरू होतो. "आजी, तुमची आई कधीच वारली," हे सत्य आहे. पण ते ऐकणाऱ्याला ते वृत्त प्रथमच कळते आणि रोज नव्याने दुःख होते. "आई येतेच आहे," असे सांगणे असत्य ठरते. जाणत्या मावशी तिसरा मार्ग शोधतात. "आजी, तुमच्या आईंच्या हातचं काय आवडायचं हो?" असे त्या विचारतात. आजी माहेरच्या चुलीपाशी जाऊन पोहोचतात, बोलत राहतात आणि हळूहळू शांत होतात. कोणास फसविले नाही, कोणास दुखविलेही नाही. सत्य आणि अहिंसा या दोहोंचा मान राखणारा हा विवेक कोणत्याही पाठशाळेत न शिकलेल्या स्त्रीच्या ठायी दिसतो, याची नोंद समाजाने घेतली पाहिजे.

या वागण्याचा परिणाम रुग्णाच्या मनावर टिकतो का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. १९११ साली जिनिव्हाचे वैद्य एदुआर क्लापारेद यांनी एक अनुभव नोंदविला. निराळ्या कारणाने स्मृती गमावलेल्या एका स्त्रीशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. नंतर तिला तो प्रसंग आठवेना. पण हात पुढे करताच तिने आपला हात मागे घेतला. २०१४ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १७ अल्झायमरग्रस्तांना आनंदाचे व दुःखाचे चित्रपटप्रसंग दाखविण्यात आले. थोड्याच वेळात त्यांना प्रसंग फारसे आठवेनात, परंतु मनातील भावना रेंगाळत राहिली. ज्यांना कमी आठवले, त्यांचे दुःख तर अधिक काळ टिकले. याचा अर्थ गंभीर आहे. "त्यांना काय कळतंय?" असे म्हणून उच्चारलेला कठोर शब्द विसरला जातो, त्याची बोच मात्र राहते. प्रेमाच्या स्पर्शाचेही तसेच आहे.

या नात्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वस्तू स्वतःच कोठे तरी ठेवून ती चोरीला गेली असे वाटणे, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. आजींची पाटली दिसेनाशी झाली की पहिला आळ मावशींवर येतो. चार दिवसांनी ती तांदळाच्या डब्यात सापडते. पण तोवर मावशींना काढून टाकलेले असते. मावशींची अब्रू जाते आणि आजींच्या हाताला लाभलेला एकमेव ओळखीचा हात हरवतो. नव्या बाईंवर विश्वास बसण्यास पुन्हा कित्येक महिने लागतात. तोवर बहुधा आजार पुढे सरकलेला असतो.

"पैसे घेऊन करतात, त्यात प्रेम कसले?" असेही म्हटले जाते. शिक्षक आणि वैद्यही मोबदला घेतात. त्यामुळे त्यांची माया खोटी ठरत नाही. बारा-बारा तासांच्या कामाला योग्य वेतन, आठवड्याची सुट्टी, वेळेवर जेवण आणि बसण्यास जागा देणे हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. कुटुंबाने मावशींना नावाने ओळखावे. रुग्णाचे बालपण, आवडीनिवडी आणि जेवणाचे नियम एका कागदावर लिहून द्यावेत. शक्यतो एकच व्यक्ती कायम ठेवावी. वस्तू हरवल्यास आधी घर शोधावे.

एके दिवशी आजींचा श्वास थांबतो. घरात नातलग जमतात आणि मावशी कोपऱ्यात उभ्या असतात. त्यांचा हिशेब होतो आणि दुसऱ्या दिवशी ब्युरो त्यांना नव्या घरी पाठवतो. अखेरच्या वर्षांत ज्यांचा हात आजींनी सर्वाधिक वेळा धरला, त्यांच्या सांत्वनासाठी कोणी येत नाही. शोकसभेत त्यांना बोलावून कुटुंबीयांच्या शेजारी बसवावे, एवढे प्रत्येक घराला सहज शक्य आहे. आपल्या परंपरेने रुग्णसेवेला 'वैयावृत्त्य' म्हणून अंतरंग तपात स्थान दिले आहे. ते तप जी व्यक्ती आपल्या घरी येऊन करते, तिचा सन्मान या सभागृहातील प्रत्येक कुटुंबाकडून व्हावा, हीच नम्र अपेक्षा.