घाटावरचा रविवारचा वर्ग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा शिष्टसंमत प्रघात आहे. आम्ही विद्वान नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर शेरे लिहिण्यात आमची तीस वर्षे गेली. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय घेऊन आम्ही बी. ए. झालो, ही गोष्ट आमच्या सेवापुस्तकाखेरीज कोणाच्याही स्मरणात उरली नव्हती. ती आपल्या चिटणीसांनी उकरून काढली आणि मंडळातील नववी ते अकरावीच्या मुलांना दर रविवारी या दोन विषयांची तोंडओळख करून द्यावी, असे फर्मान सोडले. त्या वर्गाची हकिकत, त्यातील आमच्या एका चुकीसह, आज निवेदन करावयाची आहे.

प्रथम एक कबुली देतो. आमच्या कन्येने अकरावीला हे विषय निवडले, तेव्हा सर्वांत मोठा विरोध आमचाच होता. ज्याला गणित पेलत नाही त्याने मानसशास्त्र घ्यावे, ही समजूत आपल्या घराघरांतून असते, तशीच ती आमच्याही घरात होती. ज्या विषयांवर आमची पदवी उभी, त्यांनाच आम्ही हलके लेखले! केंद्रीय परीक्षा मंडळाच्या शाळांत हे विषय स्वतंत्रपणे भेटतात ते अकरावीला. तोवर मूल सोळा वर्षांचे झालेले असते, आणि माणसांविषयीचे त्याचे बरेचसे ग्रह पक्के होऊन बसलेले असतात.

वर्गाला जागा हवी होती. मंडळाच्या खोलीत भजनी मंडळाचा सराव चाले, म्हणून आम्ही मुलांना घेऊन बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर बसू लागलो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो की, हा घाट पंचगंगा घाटाच्या लगत दक्षिणेस आहे. येथून ब्रह्मा घाट, दुर्गा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. फळ्याची सोय नव्हती. ती नव्हती हेच बरे झाले, असे आता वाटते.

पहिल्या रविवारी आम्ही एकच काम दिले. दहा मिनिटे समोर पाहावे आणि दिसेल ते वहीत लिहावे. खालच्या पायरीवर एक वृद्ध बाई पाण्याकडे पाहत बसल्या होत्या. नवांपैकी सात वह्यांत त्यांच्याविषयी ‘दुःखी’ असे लिहिलेले आढळले. दोघांनी तर मुलांनी घराबाहेर काढल्याचेही लिहून टाकले. आम्ही विचारले, ‘दुःख तुम्हांला दिसले कोठे?’ काशीत म्हातारी बाई एकटी बसली की ती निराधार विधवाच असावयाची, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, घरातून बरोबर आणलेले होते. शेवटी एक मुलगा धिटाईने खाली जाऊन विचारून आला. बाईंचा नातू जवळच शिकवणीला येत असे आणि त्याची सुट्टी होईपर्यंत त्या वारा खात बसत. निरीक्षण कशाला म्हणावे आणि अनुमान कशाला, हे पाठ्यपुस्तकातील पानभर मजकुराने जेवढे कळले नसते तेवढे त्या बाईंनी शिकविले. त्यांना याचा पत्ताही नाही.

पुढचे काही रविवार आनंदात गेले. पंधरा शब्दांची यादी एकदाच वाचून दाखवावी आणि मुलांनी आठवतील ते लिहावे, हा खेळ त्यांना फार आवडला. आरंभीचे आणि अखेरचे शब्द टिकतात, मधले गळतात, हे त्यांनी आपल्याच वह्या पडताळून शोधून काढले. मग हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विस्मरणाचा हिशेब मांडला आणि 1885 मध्ये तो प्रसिद्ध केला, हे सांगितले तेव्हा तो त्यांना आपल्याच बाकावरचा वाटला.

आनुवंशिकता आणि परिस्थिती हा वाद शिकविण्यास तर आम्हांला घाट सोडावाही लागला नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणी येथल्याच बालाजी मंदिरात सनईचा रियाज केला. यतींद्र मिश्र यांचा ‘नौबतखाने में इबादत’ हा पाठ मोठ्या मुलांनी दहावीच्या हिंदी पुस्तकात वाचलेला होता. 1916 मध्ये डुमरावला जन्मलेला, वादकांच्या घराण्यातील हा मुलगा काशीला मामांकडे आला. मंदिराच्या वाटेवर रसूलनबाई आणि बतूलनबाई यांचे गाणे त्याच्या कानी पडे. 2001 मध्ये भारतरत्न ठरलेल्या या कलावंताला घडविले कोणी? रक्ताने, मामांनी, गल्लीने की रियाजाने? मुले तासभर भांडली. एका मुलीने विचारले की, मुसलमान वादकाने बालाजीपुढे वाजवावे हे त्या काळी कोणास खटकले नाही काय? धर्म आणि पिढीजात व्यवसायाने आलेली भूमिका एकाच माणसात शेजारी शेजारी नांदू शकतात, एवढे उत्तर आम्ही दिले. ते अपुरे होते, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

समाजशास्त्र परक्यांचे आहे असे वाटू नये, म्हणून मालवणात जन्मलेले आणि 1924 पासून मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा वाहिलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांची ओळख करून दिली. त्याहून अधिक वेळ इरावती कर्वे यांना दिला. ‘वाटचाल’ या लेखात बाईंनी पंढरीच्या वारीचा अनुभव लिहिला आहे. दिंडीत एकत्र चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. वारीवर त्यांची माया होती, तरी त्यांनी दृष्टी वळवली नाही. आपल्याच माणसांकडे असे पाहता आले पाहिजे, असे आम्ही मुलांना मोठ्या अधिकारवाणीने सांगितले. ती परीक्षा पुढच्याच रविवारी आमच्यावर येणार होती.

जे. एल. मोरेनो यांनी समूहातील आवडीनिवडी मोजण्याची एक रीत रूढ केली. त्यांचा मोठा ग्रंथ 1934 चा. तिला आपण समाजमिती म्हणतो. प्रत्येकाने आपण कोणाशेजारी बसू इच्छितो ती दोन नावे लिहावयाची, मग कागदावर प्रत्येकासाठी एक वर्तुळ काढून निवडणाऱ्याकडून निवडलेल्याकडे बाण ओढावयाचा. आम्ही चिठ्ठ्या गोळा केल्या आणि उत्साहाच्या भरात तेथेच, सर्वांदेखत, मोठ्या कागदावर आकृती काढली. आठ वर्तुळांकडे बाण आले. नवव्याकडे एकही नाही.

ते वर्तुळ ज्या मुलीचे होते तिचे कुटुंब अकोल्याकडून वर्षभरापूर्वीच येथे आलेले. मुलगी हुशार आणि शांत. ती आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिली, मग वही मिटून निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

चूक आमची होती, आणि ती साधी नव्हती. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगात काचेची नळी फुटते. या विषयाच्या प्रयोगात फुटणारी वस्तू समोर बसलेली असते. चिठ्ठ्या गुप्त ठेवणे, आकृतीतील नावे कोणास न कळू देणे, हे या रीतीचे पहिले पथ्य होय. बी. ए.ला आम्ही ते पाठ करून गुणही मिळविले होते.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीची आणि तिच्या वडिलांची क्षमा मागितली. ते चहा पुढे करीत म्हणाले, ‘तुमी माफी कायले मांगता, साहेब? आमाले हे मंडळात आल्यापासूनच माहीत हाय.’ मग त्यांनी सांगितले की, गणेशोत्सवात तिने सूचना वाचून दाखविली तेव्हा तिच्या उच्चारांवर पुढच्या रांगेतील मंडळी हसली होती. त्या रांगेत आम्हीही होतो. हसलो होतो की नाही ते आम्हांस आठवत नाही, आणि न आठवणे सोयीचे आहे हेही कळते.

मुलांना याविषयी उपदेश करावयाचा नाही, असे ठरविले. त्याऐवजी हेन्री ताजफेल यांचा ब्रिस्टलमधील प्रयोग सांगितला. तो 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना चित्रकार क्ले आवडतो की कांडिन्स्की, अशा क्षुल्लक निमित्ताने दोन गटांत वाटले. गटात आणखी कोण आहे हेदेखील त्यांना ठाऊक नव्हते. तरीही पैसे वाटावयास सांगताच मुलांचा कल आपल्या गटाला अधिक देण्याकडे झाला. आमची मुले गप्प झाली. थोड्या वेळाने एकजण म्हणाला, ‘काका, आमच्याकडे तर क्लेसुद्धा नव्हता. नुसतं “कायले” होतं.’

त्यातून एक वही निघाली. मंडळातील घरोघरी जावयाचे आणि एकाच गोष्टीला कोण काय म्हणतो ते लिहून आणावयाचे, हा उद्योग मुलांनी स्वतः काढला. वऱ्हाडचे ‘कायले’, मालवणकडचे ‘खंय’, कोल्हापूरचे ‘व्हय’ अशी पाने भरू लागली. गंमत पुढेच आहे. ज्यांच्या घरी शुद्ध मराठीचा कटाक्ष, त्यांचीच मुले हिंदीच्या सहवासाने ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणतात, आणि नागपूर-वऱ्हाडकडे तर ती नित्याचीच बोली! आमच्या कन्येचे असे चार प्रयोग वहीत सापडले. आमचे स्वतःचे दोन आहेत. ते कोणते, हे आम्ही सांगणार नाही.

पालकांपैकी काहींनी आमच्याकडे तक्रार केली की, मुले घरात बसून आमचेच बोलणे टिपतात, हा कसला अभ्यास? तक्रार अगदीच निराधार नाही. म्हणून आता नियम केला आहे. विचारल्याशिवाय कोणाचे वाक्य टिपावयाचे नाही, वहीत नाव घालावयाचे नाही, केवळ गाव लिहावयाचे. ज्यास नको असेल त्याने तसे सांगावे, त्याचे पान फाडून त्याच्या हाती दिले जाईल. समाजमितीचा खेळ आम्ही पुन्हा घेतलेला नाही, आणि घेणारही नाही.

अकोल्याची ती मुलगी तिसऱ्या रविवारी आली. कोणी तिला बोलाविले, हे आम्ही विचारले नाही. वही सध्या तिच्याकडे असते, कारण नऊजणांत अक्षर तिचेच चांगले. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या पाण्याखाली जातात. तोवर वर्ग रविवारी सायंकाळी पाच वाजता बालाजी घाटावर, नंतर भजनी मंडळाने परवानगी दिल्यास मंडळाच्या खोलीत भरेल. आपल्यापैकी ज्या घरी मुले अद्याप आलेली नाहीत, त्यांनी जाताना दाराशी बसलेल्या त्या मुलीकडे आपले मूळ गाव तेवढे लिहून द्यावे.